जुन्या ट्रकच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे तुटलेले बोल्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, देवास, महू, धार या पट्ट्यात एखाद-दुसरी जुनी गाडी बाळगून त्यावर घर चालवणारी मराठी मंडळी आहेत. मॅनिफोल्ड म्हणजे हेडच्या बाजूला बोल्टांनी बसवलेला, सगळ्या सिलिंडरांचा जळका गॅस गोळा करून पुढे सायलेन्सरकडे नेणारा पाइप. त्याचा बोल्ट तुटला की या मंडळींकडून जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर बिडाचं (ओतीव लोखंडाचं) हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, असलेली, बरीच वर्षं रस्त्यावर असलेली डिझेल गाडी आहे. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घेतलंय, कारण टाटाच्या १६१३ सारख्या गाड्यांमुळे ते आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हाताखालचं आहे. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे त्याच्या मॅन्युअलमधून घ्या, पद्धत तीच राहील.

आधीच एक सांगतो. तुटका बोल्ट बाहेर काढला म्हणजे निम्मं काम झालं. तो का तुटला हे शोधलं नाही, तर नवा बोल्टही त्याच जागी तुटतो.

बोल्ट तुटलाय हे बाहेरून कसं ओळखायचं?

सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टिकटिक असा आवाज येतो आणि गाडी तापली की तो कमी होतो किंवा पूर्ण बंद होतो. थंडपणी हेड आणि मॅनिफोल्डमध्ये फट असते, त्यातून गॅस फटकारतो. लोखंड तापून फुगलं की फट बुजते. बरेच जण हा आवाज टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा) समजून टॅपेट सेट करून घेतात आणि पैसे घालवून बसतात. टॅपेटचा आवाज गाडी गरम झाली म्हणून असा नाहीसा होत नाही.

खात्री करायची तर टॉर्च आणि हातातला छोटा आरसा घ्या. हेडच्या जोडापाशी मॅनिफोल्डवर काजळीचा काळा फराटा दिसला की गळती तिथेच आहे. मग बोल्ट मोजा. ५.९ लिटरच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन, असे १२ बोल्ट असतात. डोकं जागेवर दिसतंय म्हणून बोल्ट शाबूत आहे असं समजू नका. गंजाने धरलेलं डोकं तसंच बसून राहतं. इंजिन गार असताना प्रत्येक डोकं बोटांनी हलवून पाहा, तुटलेलं असेल तर ते डुलतं.

टर्बोच्या गाडीत, म्हणजे एक्झॉस्टच्या गॅसने फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा असलेल्या गाडीत, आणखी एक खूण असते. गॅस टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच निसटतो, त्यामुळे चढावर ओढ कमी होते आणि काळा धूर वाढतो.

एकच बोल्ट गेलाय, बाकीचे आहेत. तसंच चालवलं तर?

चालेल, पण महाग पडेल. गेलेल्या बोल्टचा भार शेजारच्यावर येतो आणि तो पुढचा तुटतो. गॅसचा झोत पॅकिंग जाळतो, आणि फार दिवस चाललं तर हेडच्या तोंडावर चर पाडतो. मग बोल्टच्या कामाचं हेडचं काम होतं.

खरी काळजी मात्र जिवाची आहे. जुन्या गाड्यांत इंजिनचा काही भाग केबिनमध्येच येतो आणि बॉनेटची रबरं फाटलेली असतात. गळणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना वास ना रंग. हिवाळ्यात मंडीबाहेर रांगेत उभं असताना काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून चालक झोपतो. अशा गाडीत हे कधीही करू देऊ नका. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी यांतलं काहीही जाणवलं तर लगेच खाली उतरून मोकळ्या हवेत यायचं, हे चालकाला आणि क्लीनरला दोघांनाही सांगून ठेवा.

हे बोल्ट तुटतात तरी का? कंपनीचेच होते.

बोल्ट कंपनीचा असो की बाजारचा, भांडण लोखंडाच्या फुगण्याचं आहे. भरलेली गाडी खलघाटाकडून इंदूरकडे येताना भेरूघाटाचा चढ चढते तेव्हा मॅनिफोल्डमधला गॅस ५०० ते ७०० अंशांपर्यंत जातो. हेडमध्ये पाणी खेळतं, म्हणून ते बरंच थंड राहतं. बिडाचं लोखंड एका अंशाला दर मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. समजा मॅनिफोल्ड ७५ सेंटिमीटर लांब आहे आणि हेडपेक्षा ४०० अंशांनी जास्त तापलाय. हिशोब केलात तर तो हेडच्या तुलनेत ३ मिलिमीटरहून अधिक लांब होतो. ही सगळी सरक मधल्या बोल्टांपासून दोन्ही टोकांकडे जाते. म्हणून टोकाचे बोल्ट आधी तुटतात, त्यातही मागच्या सिलिंडरचा जास्त, कारण तिथे वारा पोचत नाही.

मॅनिफोल्डची भोकं बोल्टपेक्षा मोठी ठेवलेली असतात ती याचसाठी, की त्याला सरकायला जागा मिळावी. त्या भोकात गंज आणि काजळी भरली की जागा संपते. मॅनिफोल्ड प्रत्येक चढाला बोल्टला आडवा रेटतो, गार होताना परत खेचतो. तार पुढे-मागे वाकवून तोडावी तसा बोल्ट शेवटी थकून तुटतो. गंज स्वतःही लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे आट्यांत तो पाचरीसारखा बसतो आणि काढताना बोल्ट फिरण्याऐवजी मोडतो.

याशिवाय दोन कारणं आपल्या हातची आहेत. टर्बो किंवा सायलेन्सरच्या पाइपचा आधाराचा ब्रॅकेट कधीतरी काढला जातो आणि परत बसत नाही. मग पाइपचं वजन आणि हादरे मॅनिफोल्डवर येतात. दुसरं, लांबून आलेली गाडी तशीच धुलाईला लावून तापलेल्या इंजिनावर प्रेशरचं पाणी मारतात. एक तास थांबलं तर काय बिघडतं?

काम सुरू करण्याआधी काय तयारी लागते?

इंजिन पूर्ण गार हवं. केबिन उलटवायची असेल तर तिचा लॉक आणि आधाराचा दांडा स्वतः तपासा, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. चाकांना ओंडके लावा. वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. नव्या गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा जाऊ शकतो. वेल्डिंगची अर्थिंगची तार हेडवरच, कामाच्या जवळ लावा. ती चेसिसवर लांब कुठेतरी लावली तर करंट बेअरिंगांतून वाट काढतो.

डिझेलचे पाइप, टर्बोच्या तेलाची लाइन आणि वायरिंग जवळ असेल तर ओल्या जाड कापडाने किंवा पत्र्याने झाका. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. आणि ब्रेक क्लीनरने धुतलेल्या जागेवर लगेच वेल्डिंग करू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनचं द्रव्य असतं, त्यावर ठिणगी पडली की विषारी वायू होतो.

कोणतं तेल सोडावं? डिझेल चालतं का?

डिझेल अगदीच काही नसेल तेव्हा. गंज सोडवणारा स्प्रे त्यापेक्षा आत शिरतो. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरणारे मिस्त्री आहेत आणि ते मिश्रण काम करतं. मात्र अ‍ॅसिटोन चटकन पेटतं, म्हणून बाटली बंद ठेवा आणि ज्योत आणण्याआधी जागा कोरडी होऊ द्या.

तेलापेक्षा वेळ महत्त्वाचा. आदल्या संध्याकाळी सोडा, रात्री पुन्हा एकदा, सकाळी पुन्हा. दर वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे छोटे सरळ ठोके द्या, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल त्यांतून उतरतं. बोल्ट वाकेल एवढा जोर नको.

एक तुटलाय म्हणून मॅनिफोल्ड काढायचा आहे. बाकीचे न तुटता कसे निघतील?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच वाचतं.

सहा बाजूंची, घट्ट बसणारी गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांची झिजलेली गोटी डोकं गोल करते. आधी बोल्ट किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सोडा. ज्या क्षणी बोल्ट रबरासारखा पिळल्यासारखा वाटेल, म्हणजे पाना फिरतोय पण बोल्ट सुटत नाही, त्या क्षणी थांबा. पुढचं पाव वळण म्हणजे बोल्ट मोडणार. तिथे उष्णता द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. सुटला तरी एकदम काढू नका. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, तेल सोडा, पुन्हा सोडा. परत आवळताना आट्यांत अडकलेला चुरा मोकळा होतो.

इम्पॅक्ट गनबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं, की हलकी गन कमी दाबावर, थोडा-थोडा धक्का देत चालवली तर मदत होते. मोठी गन पूर्ण दाबावर लावली तर डोकं हातात येतं.

बोल्टचा तुकडा बाहेर डोकावतोय. ग्रिप प्लायरने निघेल का?

सेंटिमीटरभर बाहेर असेल तर निघू शकतो, पण त्या आधी तापवा. तुकडा लालसर होईपर्यंत गॅसने तापवा, आपोआप गार होऊ द्या, मग प्लायर लावा. गरम असताना, म्हणजे लाली गेल्यावर, मेणबत्तीचं मेण आट्यांच्या तोंडाशी लावलं तर ते वितळून आत ओढलं जातं. हे स्वस्त आणि उपयोगी आहे. प्लायर एकदा घसरला की दुसऱ्यांदा लावायचा नाद सोडा आणि पुढच्या उत्तरातल्या पद्धतीकडे वळा. घसरणाऱ्या प्लायरने तुकडा गोल करून ठेवला तर पुढच्या माणसाचं काम अवघड होतं.

बोल्ट हेडच्या तोंडाशी तुटलाय, पकडायला काहीच नाही. आता?

ड्रिल उचलू नका. तुकड्यावर नट वेल्ड करा. माझ्या मते दहातले बहुतेक बोल्ट ड्रिलशिवाय निघायला हवेत, आणि चांगल्या हातात निघतात.

तुकड्याचं तोंड तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी १२ चा नट घ्या, म्हणजे आत रॉड शिरायला जागा राहते. नट काळा, साधा हवा. चांदीसारखा चमकणारा जस्ताचा मुलामा असलेला नट वेल्ड केला तर धुराने ताप भरतो आणि वेल्डही पोकळ येतो. तुकडा किंचित आत असेल तर आधी वॉशर ठेवून त्याच्या भोकातून तुकड्यावर वेल्ड भरा, मग वॉशरवर नट ठेवून तो जोडा.

सीओटू वेल्डिंग (तारेचं, गॅसच्या आवरणातलं) मिळालं तर उत्तम, कारण त्यात खपली येत नाही. साध्या रॉडने करायचं तर २.५ मिलिमीटरचा रॉड, ८०-९० अँपिअरच्या आसपास. आर्क (वेल्डिंगची ठिणगी) आधी तुकड्याच्या मधोमध पेटवा, तिथे धातू वितळून तळं होऊ द्या, मग नटाच्या आतल्या भिंतीकडे या. नटावर सुरुवात केली तर नट सुंदर वेल्ड होतो आणि बोल्टला काहीच चिकटत नाही.

आता थांबा. पाणी मारू नका, फुंकर मारायलाही जाऊ नका. नट केशरीचा लाल, लालाचा काळपट होतो. मिनिट-दोन मिनिटांनी मेण लावा, धूर निघेल. मग रिंग पाना लावून आधी आवळायच्या दिशेला हलका झटका द्या. हाताला एक बारीक करकर जाणवते, आणि आट्यांच्या कडेने तपकिरी रंगाचं तेल वर येतं. ते दिसलं की बोल्ट तुमचा झाला. तिथून पुढे घाई न करता मागे-पुढे करत काढा.

नट उपटून हातात आला तर निराश होऊ नका, हे होतंच. पुन्हा घासा, पुन्हा वेल्ड करा. प्रत्येक वेल्डने बोल्ट आतून तापतो. त्याला फुगायचं असतं पण सभोवतालचं थंड बीड फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबतो. गार झाल्यावर तो आधीपेक्षा बारीक झालेला असतो आणि गंजाची पकड सुटते. म्हणजे उपटून आलेला नटसुद्धा आपलं काम करून गेलेला असतो.

वेल्डिंगने हेड खराब नाही का होणार? आटे जळतील.

हेडचे आटे बिडाचे आहेत आणि साधा रॉड बिडाला सहज धरत नाही. हीच गोष्ट इथे आपल्या उपयोगाची. बोल्ट थोडा आत तुटला असेल तर पोलादाच्या तुकड्यावर थेंब-थेंब धातू चढवत बाहेरपर्यंत आणता येतो, कडेच्या आट्यांना शिंतोडे लागले तरी ते सहसा सुटून येतात. धोका वेगळा आहे. गॅसच्या मोठ्या ज्योतीने हेडचा एकच कोपरा लालबुंद करणं, किंवा तापलेल्या बिडावर पाणी टाकणं, याने हेडला चीर जाते. उष्णता बोल्टला द्या, हेडला नाही. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर गॅसची ज्योत दूरच ठेवा, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता वितळतं.

तुकडा खूप आत आहे. ड्रिल करावंच लागेल. कसं करायचं?

मधोमध. ड्रिलचं सगळं यश या एका शब्दात आहे. बोल्ट बिडापेक्षा कठीण असतो, म्हणून ड्रिल जरा कडेला लागलं की ते मऊ बिडाकडे सरकतं आणि एका बाजूचे आटे खाऊन टाकतं.

हाताने अंदाजाने पंच मारण्यापेक्षा खराद्याकडून एक बुश करून घ्या. बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात घट्ट बसेल असं, आतून ३ मिलिमीटरचं सरळ भोक. मॅनिफोल्ड दोन-तीन चांगल्या बोल्टांवर जागेवर लावा, बुश त्याच्या भोकात घाला आणि त्यातून ड्रिल चालवा. मॅनिफोल्डची भोकं मोठी असल्यामुळे तो नीट मध्यावर बसवून मगच आवळा. दुसरं बुश ५ चं करून घेतलं तर अजून चांगलं.

वेग कमी, दाब ठाम, तेल भरपूर. कोबाल्टचं ड्रिल घ्या. उलट्या दिशेने कापणारं, म्हणजे डाव्या हाताचं ड्रिल मिळालं तर तेच वापरा, कारण ते कापता-कापता बोल्टला सुटायच्या दिशेला ओढतं आणि कित्येकदा तुकडा ड्रिललाच चिकटून बाहेर येतो. ड्रिलला टेपची खूण करा, भोक किती खोल आहे ते शेजारच्या मोकळ्या भोकात काडी घालून मोजून घ्या.

३, ५, ७ असं वाढवत जा. १० × १.५ च्या आट्यांसाठी शेवटचं ड्रिल ८.५ मिलिमीटरचं. भोक खरंच मध्यावर असेल तर आता बोल्टची फक्त आट्यांची सळ उरते, ती टोकदार हुकाने ओढून काढता येते. मग १० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा. ८ × १.२५ चा बोल्ट असेल तर शेवटचं ड्रिल ६.८ मिलिमीटरचं. गाडीचे आटे बारीक पिचचे नाहीत ना, हे जुन्या बोल्टवर पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून आधी बघा.

ईझी-आउट वापरावं का?

ईझी-आउट म्हणजे तुटक्या बोल्टमध्ये भोक पाडून त्यात उलटं फिरवायचं निमुळतं हत्यार. गंजलेल्या एक्झॉस्टच्या बोल्टला नाही. ज्या बोल्टला डोक्याला धरून पान्याने फिरवता आलं नाही, त्याला त्याहून बारीक ईझी-आउट कसं फिरवणार? शिवाय ते निमुळतं असतं, आत जाताना बोल्टच्या भिंती फुगवतं आणि पकड आणखी घट्ट करतं. उष्णतेने तुकडा आधीच सैल झाला असेल आणि फक्त धरायला काही नसेल, तर वापरा. एरवी डब्यातच राहू द्या.

ते आधीच वापरलं गेलंय आणि आत तुटलंय. आता काय?

ईझी-आउट इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर घसरतं. आधी बारीक पंचाने ठोकून त्याचे तुकडे होतात का बघा. ते ठिसूळ असतं, कधी-कधी काचेसारखं फुटून निघतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. नाहीच झालं तर त्याच्यावरही वेल्ड चढवून नट लावून बघता येतं.

शेवटचा उपाय स्पार्क इरोजन. यात ठिणग्यांनी धातू कणाकणाने झिजवतात, आटे शाबूत राहतात. हे मशीन डाय आणि मोल्ड बनवणाऱ्यांकडे असतं. इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक भागात इंडो-जर्मन टूल रूम आहे, त्या परिसरात आणि पीथमपूरला असं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. हेड बहुधा उतरवून न्यावं लागेल.

आटेच गेले. मोठा बोल्ट घालू का?

१२ चा बोल्ट घालायचा तर मॅनिफोल्डचं भोकही मोठं करावं लागतं. ते केलं नाही तर सरकायची जागा संपते आणि आपण मूळ दुखण्यावर परत येतो. त्यापेक्षा हेलिकॉइल (नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) किंवा पोलादाचं भरीव इन्सर्ट (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) बसवा आणि मूळ मापाचाच बोल्ट ठेवा. ड्रिल आणि टॅप त्या किटमधलेच वापरा. एक्झॉस्टच्या जागी मला भरीव इन्सर्ट जास्त भरवशाचं वाटतं, कारण पुढच्या वेळी बोल्ट काढताना स्प्रिंगसारखं हेलिकॉइल त्याच्याबरोबर बाहेर येऊ शकतं.

भोकातून पाणी आलं!

घाबरू नका. काही इंजिनांत बोल्टची भोकं पाण्याच्या जॅकेटपर्यंत आरपार असतात. बोल्ट काढल्यावर पाणी आलं तर ते मूळचंच आहे. रेडिएटरमधलं पाणी काढा, काम करा आणि नवा बोल्ट आट्यांना सीलंट लावून बसवा. ड्रिल करताना एकाएकी पाणी आलं आणि शेजारची भोकं मात्र बंद आहेत, तर ड्रिल पलीकडे गेलंय. तिथे चांगल्या इंजिनवाल्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हेड उतरवायची गरज कधी?

ड्रिल सरळ धरता येईल एवढी जागाच नसेल, भोक वाकडं गेलं असेल, हेडच्या तोंडावर गॅसने चर पडला असेल किंवा चीर दिसत असेल, तेव्हा. एका बोल्टसाठी सरसकट हेड उतरवा म्हणणाऱ्याला कारण विचारा.

तोच मॅनिफोल्ड परत लावू का?

तपासून. वर्षानुवर्षं तापून मॅनिफोल्ड केळ्यासारखा वाकतो. सगळी तोंडं साफ करून त्यावर सरळ पट्टी ठेवा आणि खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा फट जास्त असेल तर मशीनवर तोंड घासून घ्या. वाकलेला मॅनिफोल्ड बोल्टच्या जोरावर सरळ करून बसवणं म्हणजे बोल्टला पहिल्या दिवसापासून ताणावर ठेवणं. बोल्टची भोकंही आतून गोल कानसीने घासून गंजमुक्त करा. पाच मिनिटांचं हे काम सोडून दिल्यामुळे पुन्हा तुटलेले बोल्ट मी पुष्कळ पाहिलेत. चिरांसाठी सिलिंडरांच्या मधला भाग नीट बघा.

जुनं पॅकिंग खरवडताना ते आधी पाण्याने भिजवा. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, कोरड्यावर ग्राइंडर किंवा ब्रश फिरवला तर त्याची धूळ छातीत जाते. शेजारी उभ्या पोरालाही बाजूला करा.

नवे बोल्ट कोणते घ्यावेत? स्टेनलेस गंजत नाही म्हणतात.

गंजत नाही हे खरं, पण साधं पोलाद एका अंशाला मीटरमागे ११-१२ मायक्रॉन वाढतं आणि नेहमीचं स्टेनलेस १६-१७. तापल्यावर स्टेनलेसचा बोल्ट जास्त लांब होतो आणि पकड ढिली पडते. शिवाय त्याचे आटे घासून एकमेकांत चिकटतात. इंजिन कंपनीच्या पार्ट नंबरचे बोल्ट घ्या. ते या जागेसाठी बनवलेले असतात, आणि काहींबरोबर लांब कॉलर येते. ती फेकू नका. कॉलरमुळे बोल्ट लांब घेता येतो, आणि लांब बोल्ट थोडा ताणला-वाकला तरी सहन करतो. एकच तुटला असला तरी सगळे बदला, बाकीचेही तेवढेच थकलेले आहेत.

इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत त्याच मापाचे बोल्ट मिळतात आणि हत्यारं, टॅप, ड्रिल यांसाठी ते उत्तम ठिकाण आहे. या जागेचे बोल्ट मात्र पार्ट्सच्या दुकानातूनच आणा.

आट्यांना काय लावायचं?

निकेलची किंवा तांब्याची अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी) पेस्ट, पातळ थर. साधं ग्रीस जळून कोळसा होतं आणि पुढच्या वेळी तेच बोल्ट धरून बसतं. पॅकिंगला सिलिकॉन लावू नका, या उष्णतेत ते टिकत नाही.

किती आवळायचं?

५.९ लिटरच्या कमिन्सला ४३ न्यूटन-मीटर, म्हणजे ३२ फूट-पौंड. हा आकडा लोकांना फार कमी वाटतो, कारण हात दांड्यावर भार टाकायला सरावलेला असतो. टॉर्क पाना नसेल तर कुणाकडून तासाभरासाठी आणा. आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टोकाकडून सुरुवात केली तर मॅनिफोल्ड मध्ये फुगून अडकतो. पेस्ट लावलेले आटे कमी घर्षणाने फिरतात, त्यामुळे तेवढ्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो. मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे वाचून घ्या.

मिस्त्रीकडे गाडी देताना काय बोलून ठेवावं?

तीन गोष्टी विचारा: उस्ताद, आधी नट वेल्ड करणार ना? मॅनिफोल्डचं तोंड पट्टीने बघणार ना? पाइपचा ब्रॅकेट आहे का? आणि मजुरी प्रति बोल्ट ठरवण्यापेक्षा कामाची ठरवा. प्रति बोल्ट ठरली की हात घाई करतो. गाडी त्याच्याकडे एक रात्र उभी राहू द्या, तेल मुरायला ती रात्र लागते. भाड्याची तारीख डोक्यावर असताना हे काम काढूच नका.

लागल्यावर पहिल्यांदा कधी बघायचं?

पहिली भरलेली फेरी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. नव्या पॅकिंगने थोडं बसकण घेतलेलं असतं, म्हणून मधून टोकाकडे त्याच आकड्यावर टॉर्क पाना फिरवा. गरम असताना आवळू नका. मग इंजिन चालू करून, ते थंड आहे तोवरच, जोडाच्या कडेने हात वीतभर लांब ठेवून फिरवा. कुठे फटका लागतोय का, ताजी काजळी दिसतेय का बघा. टोकाचे बोल्ट आणि पाइपचा ब्रॅकेट पुढच्या प्रत्येक ऑइल बदलाला चालकाने स्वतः हलवून पाहायचे, हे त्याच्या वहीत लिहून द्या.